जाईबाई चौधरी यांची शाळा

नागपुरात दलित मुलींचे शिक्षण मिशनऱ्यांमुळेच रुजले, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. उमरेडला १८९२ मध्ये जन्मलेल्या जाईबाई चौधरी कामठी ते नागपूर डोक्यावरून ओझी वाहत असत. एका मिशनरी बाईंनी त्यांना लिहावाचायला शिकवले आणि महिना ४ रुपयांवर शिक्षिका नेमले, हे खरेच. परंतु अस्पृश्य बाई शिकवते म्हणून बहिष्कार पडला आणि ती नोकरी सुटली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेला संत चोखामेळ्याचे (देवळाबाहेरच राहिलेल्या संताचे!) नाव दिले. १९३७ मध्ये नागपुरातच भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसवण्यात आले, तेव्हा त्या शाळेला पंधरा वर्षे होत आली होती.