कार्ल्याच्या चैत्यगृहात ब्रॅकेटिंग : तिसरा फोटो पुरेसा उजळ का येत नाही?

कातळवाट :
नमस्कार. गेल्या रविवारी दुपारी कार्ल्याच्या चैत्यगृहात एचडीआरसाठी, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक चित्र करण्यासाठी, फोटो काढून पाहिले. छताच्या मूळ लाकडी कमानी आणि दर्शनी बाजूच्या मोठ्या गवाक्षातून येणारा उजेड, दोन्ही एकाच चित्रात नीट दिसावेत एवढीच अपेक्षा होती. ट्रायपॉडची परवानगी घेतलेली नव्हती, म्हणून तांदूळ भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवली, तिच्यात कॅमेरा रुतवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. कॅमेरा कॅनन १५००डी, किट लेन्स, मोड अॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचे छिद्र मी ठरवतो, शटरचा वेळ कॅमेरा), छिद्र एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ब्रॅकेटिंग (एकच दृश्य आधी मोजलेल्या, मग कमी आणि मग जास्त उजेडात टिपणे) अधिक-उणे दोन स्टॉप; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. पहिला फोटो १३ सेकंदांचा निघाला. अडचण अशी की सर्वांत उजळ असायला हवा तो तिसरा फोटो पहिल्यापेक्षा जेमतेम उजळ आहे, आणि सर्वांत गडद फोटोतही गवाक्ष पांढरेफटक जळालेले आहे. तिन्ही एकत्र केल्यावर कमानींवर करडी धूळ बसल्यासारखे दिसते. कॅमेऱ्यात काही बिघाड असेल का?

अंधारखोली :
बिघाड मुळीच नाही. पहिला फोटो १३ सेकंदांचा असेल तर दोन स्टॉप खाली साधारण ३.२ सेकंद येतात, ते ठीक. पण दोन स्टॉप वर जायचे तर ५२ सेकंद हवेत, आणि बल्ब मोड (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे) सोडला तर आपला कॅमेरा ३० सेकंदांच्या पुढे शटर उघडे ठेवत नाही. म्हणजे तिसरा फोटो दोन स्टॉपऐवजी सव्वा स्टॉपच उजळ झाला असणार. फाइलची माहिती उघडून पाहा, तिथे ३० हाच आकडा असेल. कॅमेरा याची काही सूचना देत नाही, म्हणून बहुतेकांना हे घरी आल्यावरच कळते. एफ/८ म्हणजे एक स्टॉप मोठे छिद्र ठेवले असते तर पहिला फोटो ६ सेकंदांचा आणि उजळ फोटो २५ सेकंदांचा, असे दोन्ही मर्यादेत बसले असते.

गवाक्षाचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. तीन फोटो आणि अधिक-उणे दोन स्टॉप हा कॅमेऱ्याच्या मेनूने ठरवलेला आकडा आहे. समोरच्या दृश्याशी त्याचा काही संबंध नाही. आधी दोन टोके मोजावीत. पार्शल मीटरिंग (चौकटीच्या फक्त मधल्या भागाचा उजेड मोजणे) लावून कॅमेरा फक्त गवाक्षाकडे रोखा, मग फक्त कमानींकडे. एफ/८ला गवाक्ष १/१२५ सेकंद सांगते आणि आतला भाग ६ सेकंद सांगतो असे धरले, तर दोहोंत साडेनऊ स्टॉपांचे अंतर झाले. आपल्या तीन फोटोंमध्ये सर्वांत गडदपासून सर्वांत उजळपर्यंत चारच स्टॉप फिरतात, तेही या खेपेला पुरते फिरले नाहीत. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) बरेच सांभाळून घेते, पण इतके नाही.

अशा जागी मी मॅन्युअल मोड वापरतो, कारण ब्रॅकेटिंग तिथेही चालते आणि बदलतो तो शटरच. एफ/८, आयएसओ १००, आधी शटर ६ सेकंदांवर ठेवून एक संच घ्यावा : ६, १.६ आणि २५ सेकंद. मग शटर १/१० वर आणून दुसरा : १/१०, १/४० आणि ०.४ सेकंद. शेवटी ब्रॅकेटिंग बंद करून १/१६०चा एक सुटा फोटो. सात फोटो होतात, प्रत्येकात दोन स्टॉपांचे अंतर राहते आणि डायलला मोजकाच हात लागतो. तांदळाच्या पिशवीवर हे महत्त्वाचे, कारण बोटाच्या दाबाने कॅमेरा हलतोच. फोकस एकदा साधून मॅन्युअलवर टाकावा, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचे सेटिंग) ठरावीक ठेवावा. मध्येच कॅमेरा बंद केला तर ब्रॅकेटिंग रद्द होते, हेही ध्यानात असू द्यावे.

रानपाखरू :
वरील उत्तराशी सहमत आहे. भर एवढीच की येणाऱ्या-जाणाऱ्यांचाही विचार करावा. २५ सेकंदांच्या फोटोत चालता माणूस जवळजवळ विरून जातो, पण ०.४ सेकंदाच्या फोटोत तोच पुसट सावलीसारखा उमटतो आणि एकत्रीकरणात खांबाजवळ त्याचे भूत उरते. म्हणून छोट्या शटरचे फोटो गर्दी सरकल्यावर घ्यावेत.

करडेपणाचे कारण बहुधा टोन मॅपिंगचा (जोडलेल्या चित्रातला उजेड-अंधाराचा फरक दाबण्याचा) अतिरेक हे असावे. गवाक्ष आणि कमानी सारख्याच उजळ केल्या की गुहेचे गुहापण जाते. गवाक्ष कमानींपेक्षा स्पष्टपणे उजळच राहिले पाहिजे. मी एन्फ्यूज हे मोफत साधन वापरतो. ते प्रत्येक फोटोतला नीट उजेड पडलेला भाग निवडून जोडते, त्यामुळे कडांभोवतीची पांढरी वलये फारशी येत नाहीत. (ही युक्ती काही डिजिटल काळाची नव्हे. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५०च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह एकत्र छापल्या होत्या.)

कातळवाट :
दोघांचेही आभार. आत्ताच फाइल उघडून पाहिली : ३० सेकंद, अगदी तंतोतंत. एक शंका उरते. २५ सेकंदांच्या फोटोसाठी एफ/८ऐवजी आयएसओ ४०० केला तर चालेल का? खांबांवरचे हत्ती आणि मागची कमान दोन्ही रेखीव हवे आहेत.

अंधारखोली :
एफ/८च ठेवा. १८ मिलिमीटरवर एफ/८ला हत्तींपासून गवाक्षापर्यंत सगळे रेखीव येते, आणि आयएसओ वाढवलात तर नेमक्या कमानींच्या अंधारात दाणे दिसू लागतील.