प्रभात रोडचं आठ दिवसांचं दुकान (सोसायटीच्या ग्रुपवरून)

वैशाली, बी-३०२: प्रभात रोडच्या गल्लीतला तो जुना बंगला रीडेव्हलपमेंटला गेलाय ना, पाडायच्या आधी तिथे आठ दिवसांसाठी एशियन हस्तकलेचं पॉप-अप दुकान लागलंय. आज जाऊन आले. खाली कच्छचं अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, आणि सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. वरच्या मजल्यावर इंडोनेशियाचं बाटिक आणि नेपाळच्या लोकता, म्हणजे झुडपाच्या सालीपासून हाताने केलेल्या, कागदाच्या वह्या. रविवारपर्यंत आहे. पार्किंग शून्य.

जोशी काकू, ए-२०४: पॉप-अप म्हणजे आपलं प्रदर्शन-विक्रीच ना गं?

वैशाली, बी-३०२: तेच काकू. फक्त चहा दीडशेचा.

वैशाली, बी-३०२: एक कोडं पडलंय. बाटिकचे दोन पीस, दोन्ही दोन-दोन मीटर, नक्षी जवळजवळ सारखीच. एक ६५०० ला, दुसरा १४०० ला. विचारलं तर मुलगी म्हणे, दोन्ही बाटिकच आहे मॅम, हा प्रीमियम आहे.

पाटणकर काका, ए-१०१: उलटं करून बघितलंस का?

वैशाली, बी-३०२: हो काका, फोटोही काढलेत. महागाची उलटी बाजू सुलटीसारखीच. स्वस्ताची फिकट, मधे मधे पांढरी.

पाटणकर काका, ए-१०१: मग उत्तर तुझ्या फोटोतच आहे. इचलकरंजीत कापड रंगवायच्या-छापायच्या प्रोसेसला ३२ वर्षं काढली, म्हणून बोलतो. बाटिक हे नक्षीचं नाव नाही, पद्धतीचं आहे. वितळलेलं मेण कापडावर लावायचं. मेण असेल तिथे रंग धरत नाही. मग अख्खं कापड रंगात बुडवायचं आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढायचं. दुसरा रंग हवा असेल तर परत मेण, परत बुडवणं. कापडच बुडतं म्हणून रंग दोन्ही बाजूंना सारखा. जावामध्ये चांटिंग नावाचं बारीक चोचीचं तांब्याचं हत्यार असतं. त्याने हाताने मेणाची रेघ ओढली की ते 'तुलिस', म्हणजे लिहिलेलं. तांब्याच्या ठशाने मेण उठवलं की 'चाप'. दोन्ही खरं बाटिक. चाप लवकर होतं, तुलिसच्या बारीक कामाला महिने जातात. तुझं १४०० वालं यातलं काहीच नाही, ते छापील कापड. बाटिक डिझाइन म्हणून विका, माझी ना नाही. बाटिक म्हणून विकायचं आणि वर दुसऱ्याला प्रीमियम म्हणायचं, ही लबाडी झाली.

मृण्मयी, सी-५०४: पण काका, त्या तडे गेल्यासारख्या रेषा असल्या की खरं ना?

पाटणकर काका, ए-१०१: रेषाही छापतात गं. जावाचे जुने कारागीर तर तडा हा दोषच धरतात, मेण नीट बसलं नाही म्हणून. तड्यांची आवड आपल्याकडची. शिवाय नुसत्या उलट्या बाजूवर जाऊ नका. पातळ कापडावर छापील रंगही आरपार उतरतो. एकच फूल चार ठिकाणी शोधा आणि ठिपके मोजा. हाताने काढलेल्या तुलिसमध्ये ते कधी तंतोतंत जुळत नाहीत.

सेक्रेटरी देशमुख: उद्या सकाळी १० ते १ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. कृपया भरून ठेवा.

सावंत, बी-६०१: गंजिफा कितीला होत्या वैशालीताई? आमच्याकडे आजोळी एक डबा आहे. दशावतारी, १२० पानं, गोल. प्रत्येक अवताराची १२ पानं, त्यात एक राजा, एक प्रधान. दिवसा खेळलं तर उतारी रामाची, रात्री कृष्णाची. मला आता फक्त एवढंच आठवतंय, खेळता येत नाही.

वैशाली, बी-३०२: काचेत होत्या, किंमत विचारायचं धाडस झालं नाही. पण एशियन दुकानात सावंतवाडी कशी, म्हणून हसू आलं.

पाटणकर काका, ए-१०१: हसायचं काय त्यात? गंजिफा हे नावच फारसीतून आलंय. १५२७ मध्ये बाबराने सिंधला शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. राम-कृष्ण त्यावर नंतर आपल्याकडे चढले.

जोशी काकू, ए-२०४: ते असू दे. ६५०० चं तू किती म्हणालीस? मी असते तर ३००० पासून सुरू केलं असतं.

मृण्मयी, सी-५०४: काकू, तुळशीबाग नाहीये ती! मेणाने रेघ रेघ काढलीये कुणीतरी.

जोशी काकू, ए-२०४: त्या कुणालातरी ६५०० मधले किती मिळतात, ते सांग आधी.

वैशाली, बी-३०२: ते मीही विचारलं. कारागीर कोण, गाव कुठलं, काही सांगता आलं नाही. अजरखवाल्याचं उलट. स्वतःच बसला होता, अजरखपूरचा. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्याच धमडका गावाहून उठून ते गाव वसलं, चुना-डिंकाचा ठसा आधी का मारतात, सगळं सांगितलं. त्याच्याकडून ओढणी घेतली, घासाघीस न करता. बाटिक तिथेच ठेवलं.

जोशी काकू, ए-२०४: माझ्याकडे आहे हं खरं बाटिक. भाचा सिंगापूरहून आला तेव्हा टेबलक्लॉथ आणलाय. थांबा, दोन्ही बाजूंचे फोटो टाकते.

जोशी काकू, ए-२०४: हा संदेश हटवला आहे

मृण्मयी, सी-५०४: काकू 😄

पाटणकर काका, ए-१०१: वापरा हो निवांत. उलट मशीनला लावता येईल. खऱ्याला हे लाड चालत नाहीत. जावात बाटिक 'लेराक'ने धुतात, म्हणजे आपल्या रिठ्याचाच भाऊबंद. रिठ्याचं पाणी, सावलीत वाळवणं, पिळायचं नाही.

सेक्रेटरी देशमुख: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, याची नम्र आठवण. (मिसेस विचारतायत, दुकान किती वाजता उघडतं?)

वैशाली, बी-३०२: ११ ला, सर. शनिवारी मी परत जातेय, लोकताची एक वही राहिली घ्यायची. गाडीत दोन जागा आहेत.

जोशी काकू, ए-२०४: एक माझी धर. आणि पाटणकरांना विचार, येतात का. कापड उलटं करायला.