निघालं तेवढंच भरायचं

भुसावळच्या भाऊंचा प्रश्न: ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल पुस्तिकेत साडेपाच लिटर लिहिलंय, बदलायला खालचा बोल्ट खोलल्यावर जेमतेम तीन निघालं, उरलेलं गेलं कुठं? गेलं कुठंच नाही. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग), ऑइल थंड करणारा कूलर आणि नळ्यांत ते राहतंच. पुस्तिकेतला आकडा बहुधा कोरड्या गिअरबॉक्सचा असतो. साडेपाच ओतलं तर फिरते भाग त्याचा फेस करतात, दाब टिकत नाही आणि गिअर घसरतात. निघालेलं मापाच्या डब्यात मोजा, तेवढंच भरा. जास्त स्वच्छ हवं तर थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा हेच करा.

खालचा बोल्ट खोलण्याआधी भरायची जागा मोकळी होते का बघा. ती जाम निघाली तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. वॉशर नवाच टाका. गिअरबॉक्सच्या तळाशी धातूचा चुरा धरणाऱ्या चुंबकावर काळा-राखाडी लगदा चालतो. बोटाला टोचणारे कण असतील तर मात्र ऑइल बदलून भागणार नाही.

डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) असेल तर बहुतेक गाड्यांत लेव्हल सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवून, मग पार्किंगमध्ये बघा. जळगावच्या मे महिन्यात गाडी उन्हात तापली म्हणजे ऑइल तापलं असं नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवल्याशिवाय पट्टीवरच्या 'हॉट'च्या खुणेवर विश्वास नको.

आणि हो, एएमटीवाल्यांनी (म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअर यंत्र बदलतं) यात पडूच नये, तिथे साधं गिअर ऑइल असतं. सीव्हीटीचं (पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल वेगळं. जुनं ऑइल केळीच्या पाटात नको, गॅरेजवाल्याच्या पिंपात द्या.