‘बायकांसारखा काय रडतोस?’ – हे वाक्य बाप्या माणसाला महागात पडतंय का?

बांधावरचा
गेल्या महिन्यात काकू गेली. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर काका घरात न येता थेट विहिरीवर गेले. अर्धा तास स्टार्टरचा डबा उघडून बसले होते. जवळ गेलो तर म्हणाले, “फ्यूज बघतोय.” फ्यूज धडधाकट होता. इकडं घरात बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि काकांना जो तो एकच सांगत होता, “तूच खचलास तर पोरांनी कुणाकडं बघायचं?”

देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या एनसीआरबीच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. शंभरातले जवळपास ७२ पुरुष. सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. मर्दपणाचा हा धडा पोरांच्या जिवावर उठलाय, असं माझं मत. तुमचं?

वऱ्हाडी ठेचा
भाऊ, आकडे बरोबर, निदान चूक. आमच्या यवतमाळकडं माणूस रडता येत नाही म्हणून जीव देत नाही. कापसाला भाव नाही, त्यात बोंडअळी. सोसायटीचं कर्ज थकलं की सावकार. मन मोकळं केल्यानं हप्ता भरला जातो का? सगळंच ‘मानसिक’ म्हटलं की सरकार मोकळं!

मुक्ता
ठेचाभाऊ, रान तेच, बोंडअळी तीच. मग नवरा गेल्यावर तेच कर्ज उरावर घेऊन बायको कशी जगते? सरकारदरबारी आत्महत्येचं प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर १ लाखाची मदत. २००६ च्या निर्णयाप्रमाणे त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. तेवढ्यावर ती पोरं शिकवते, सासूचं औषधपाणी बघते. शेजारणीकडं तेलमीठ उसनं मागायला तिला लाज वाटत नाही, एवढाच काय तो फरक.

वऱ्हाडी ठेचा
एवढाच कसा? सातबारा त्याच्या नावावर, नोटीस त्याच्या नावानं, थकबाकीदारांच्या यादीत नाव त्याचंच. चारचौघांत मान खाली जाते ती त्याची.

बांधावरचा
अहो, मग मी दुसरं काय म्हणतोय!

जुनं ते सोनं
आमच्या वेळी हे डिप्रेशन वगैरे नव्हतं. माझे आजोबा सत्तराव्या वर्षीही शंभर जोर मारायचे.

मुक्ता
आमचे आजोबा रोज संध्याकाळी ‘अंगदुखीसाठी’ दोन घोट घ्यायचे. अंग फारच दुखायचं बाई त्यांचं.

आवळासुपारी
पुरुष गप्प बसतो म्हणे! माझे वडील कुठं गप्प होते? भाजीत मीठ कमी पडलं तर ताट अंगणात जायचं. रडायला बंदी होती, रागावर नव्हती. आम्ही पोरं त्यांच्या चपलांच्या आवाजावरून ठरवायचो, आज अभ्यासाला बसायचं की झोपेचं सोंग घ्यायचं. त्यांच्यावरही दडपण असेल, मी नाही म्हणत नाही. नोकरी गेली तेव्हा दोन महिने डबा घेऊन घराबाहेर पडत होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण त्यांचं दुःख शेवटी उतरलं आईच्या पाठीवर. आत्महत्या मोजल्या जातात, आईचं ते निमूट सोसणं कुठल्या अहवालात आलं? पुरुषांची बाजू मांडताना हेही लिहा, नाहीतर धागा अर्धवट आहे.

बांधावरचा
आवळाताई, लागलं. काकाही काकूवर कमी डाफरले नाहीत, ते मी सोयीनं गाळलं होतं. ठेचाभाऊंचंही एक मान्य, भाव मिळाल्याशिवाय नुसत्या समुपदेशनानं काही होणार नाही. पण दोन्ही लागतं हो.

मन मोकळं करायला सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६. फुकट, मराठीतही बोलतात. काकांना तोंडावर सांगायची माझीच छाती झाली नाही, म्हणून नंबर कागदावर लिहून स्टार्टरच्या डब्यात आतून चिकटवला. काल पाहिलं, कागद फाडलेला नाही. फक्त त्याच्याखाली काकांनी मोटर भरणाऱ्याचा नंबर लिहून ठेवलाय.