ब्रिटल स्टारला मराठीत काय म्हणायचं? ठिसूळ, भंगुर की सर्पतारा?

शब्दखूण :
समुद्री जीवांवरचा एक मजकूर मराठीत लिहितेय आणि ब्रिटल स्टार या तारामीनासारख्या (स्टारफिशसारख्या) दिसणाऱ्या प्राण्यापाशी अडकलेय. आधी 'ठिसूळ तारा' लिहिलं, पण वाचताना डोळ्यासमोर खडू येतो नाहीतर म्हातारपणातली हाडं. एका मैत्रिणीने 'नाजूक तारामीन' सुचवलं. सरळ तारामीनच म्हटलं तर चालेल का?

भरतीओहोटी :
तारामीन नका म्हणू, प्लीज. दोघं एकाच संघातले आहेत, कंटकचर्मी म्हणजे काटेरी कातडीचे, पण वर्ग वेगळे. आणि फरक नुसता पुस्तकी नाही, हातात घेतल्यावर लगेच कळतो. तारामीनाच्या भुजा बुडाशी रुंद असतात नि मधल्या भागात मिसळून जातात, मध्य कुठे संपला नि भुजा कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. ब्रिटल स्टारची मधली चकती मात्र नाण्यासारखी वेगळी उठून दिसते आणि तिच्यातून पाच बारीक, लांब, वळवळत्या भुजा निघतात. तारामीन खालच्या असंख्य नळीपायांवर हळूहळू सरकतो. ब्रिटल स्टारच्या नळीपायांना चूषकच (चिकटून धरणाऱ्या चकत्या) नसतात, तो भुजांनीच वल्हवत पळतो, दगड उचलला की क्षणात दुसऱ्या दगडाखाली. गंमत म्हणजे दिशा बदलायला त्याला अंग वळवावं लागत नाही, दुसरी एखादी भुजा पुढची ठरते आणि निघाला. पोटाचंही तसंच, तारामीनाचं पचनसंस्थान भुजांमध्ये शिरलेलं असतं, याचं सगळं चकतीतच, तोंडाशी पाच जबडे आणि गुदद्वार नाही, म्हणजे न पचलेलं तोंडातूनच बाहेर.

आता 'ठिसूळ'. माझा खरा आक्षेप इथे आहे. ठिसूळ म्हणजे बाहेरून जोर लागला की मोडणारं. या प्राण्याची भुजा मोडत नाही, तो ती *टाकतो*. भुजेच्या आत मणक्यांसारखे तुकडे एकापुढे एक बसवलेले असतात, त्यांना बांधून ठेवणारी ऊती तो स्वतःच्या चेतासंस्थेच्या हुकमाने सैल करू शकतो, आणि हवी तिथे भुजा सुटते. काही जाती तर चकतीचा वरचा भाग जठरासकट टाकून देतात आणि नंतर परत वाढवतात! याला ठिसूळ म्हणणं अन्यायच आहे. पाल शेपूट टाकते, साप कात टाकतो, हे क्रियापद आपल्याकडे आयतं आहे, तेच वापरा.

पानगळ :
मग 'भंगुर' घ्या ना. आपल्याला क्षणभंगुरमुळे त्याचा अर्थ 'नाशवंत' एवढाच वाटतो, पण शब्दाची घडण बघा. भञ्ज् धातूला पाणिनीने घुरच् प्रत्यय सांगितलाय, भासुर आणि मेदुर त्याच सूत्रातले, आणि हा प्रत्यय 'तसा स्वभाव असलेला' या अर्थाचा आहे. भंगुर म्हणजे कुणीतरी मोडलेलं नाही, आपणहून मोडण्याचा ज्याचा स्वभाव ते. वर जे सांगितलंत त्याला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. 'भंगुरतारा', एक शब्द, जोडून.

शब्दखूण :
भंगुरतारा फारच आवडला. पण अख्ख्या वर्गालाही तेच नाव चालेल? मजकुरात बास्केट स्टारपण आहेत, तेही याच वर्गातले, पण फाटे फुटलेल्या भुजांचे.

भरतीओहोटी :
वर्गाला नको. ऑफियुरॉइडिया हे नाव ग्रीक आहे, ऑफिस म्हणजे साप आणि ऊरा म्हणजे शेपूट, त्यामुळे वर्गाला 'सर्पतारे' म्हणा आणि त्यात भंगुरतारे नि बास्केट स्टार दोन्ही बसवा. पूर्वी या वर्गात ढोबळमानाने दोनच गण, म्हणजे वर्गाचे पोटविभाग, धरायचे, 2017 साली डीएनए आणि सांगाड्याच्या बारीक तुकड्यांचा ताळमेळ घालून नवी मांडणी आली, तिच्यात सहा गण आहेत. जाती साधारण 2,100, म्हणजे तारामीनांहूनही जास्त, किनाऱ्यावरच्या दगडाखालपासून 6,000 मीटरपेक्षा खोल समुद्रतळापर्यंत. जीवाश्म जवळजवळ 48 कोटी वर्षांपूर्वीचे सापडतात. त्यामुळे 'नाजूक' तर अजिबात नको!

अजून एक, 'पाच भुजांचा प्राणी' अशी व्याख्या करू नका. ऑफिॲक्टिस सॅव्हिन्यी नावाची छोटीशी जात स्पंजच्या भोकांमध्ये राहते, तिला बहुतेक वेळा सहा भुजा. ती चकतीतून दुभंगते आणि दोन जीव होतात. भिंगाखाली बघितलंत तर एका बाजूला तीन मोठ्या भुजा आणि दुसऱ्या बाजूला तीन इवलेसे कोंब दिसतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा किती तरी वेळ नजर हटली नव्हती.

पानगळ :
बास्केट स्टारला 'टोपलीतारा' कृपया नको. त्यांच्यातल्या एका प्रजातीचं नावच गॉर्गनोसेफॅलस, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या गॉर्गनचं डोकं. भुजेला फाटे, फाट्याला फाटे, दिवसा गुंडाळून बसायचं आणि रात्री सगळं पसरून प्रवाहातले बारीक जीव पकडायचे. आपल्याकडे 'जटा' असताना टोपली कशाला? जटातारा.

शब्दखूण :
ठरलं, सर्पतारे, भंगुरतारा, जटातारा. वाक्य असं केलंय, तपासाल का? "धोका जाणवला की भंगुरतारा एखादी भुजा टाकतो, आणि त्या भुजेपासून नवा जीव तयार होतो."

भरतीओहोटी :
पहिला अर्धा भाग उत्तम. दुसरा काढा, तो गोंधळ काही तारामीनांवरून होतो, त्यांच्यात एकट्या भुजेपासून अख्खा प्राणी वाढू शकतो. भंगुरताऱ्याची टाकलेली भुजा थोडा वेळ वळवळते, शिकाऱ्याचं लक्ष तिच्यावर राहतं, आणि मग ती मरते. नवी भुजा फुटते ती चकतीकडे राहिलेल्या थोटकाला, आधी दोऱ्याएवढी बारीक, म्हणून एकाच प्राण्याच्या पाच भुजा पाच लांबीच्या दिसल्या तर त्या तशाच लिहा.