मदत हवी आहे: यॉर्कशायर पुडिंग तुमच्याकडे कसं खातात?

नमस्कार मंडळी, इंग्लंडातल्या लीड्स शहरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यॉर्कशायर पुडिंगवर लिहितेय. नावावर जाऊ नका, गोड नसतं ते! अंडी, मैदा, दूध यांचं पातळसर पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतायचं, चर्र आवाज आलाच पाहिजे. मग ओव्हनचं दार मध्येच उघडायचं नाही. कडा टम्म फुगतात, मध्ये खळगा राहतो, त्यात ग्रेव्ही. इंग्लिश लेखिका हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाककृतींच्या पुस्तकात ते याच नावाने सापडतं. तेव्हा भाजणाऱ्या मांसाखाली भांडं ठेवून टपकणाऱ्या चरबीत करत. इथे रविवारच्या रोस्टसोबत, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणासोबत, ते हवंच.

आता प्रश्न. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडावाल्यांनो, तिकडे हे एरवीही मिळतं, की फक्त नाताळला? अमेरिकेतला पॉपओव्हर याचाच भाऊबंद, पण तो लोणी-जॅम लावून खातात म्हणे, खरंच का? भारतात कुणी ओटीजीत केलंय? फुगलं का? आणि गोमांसाची चरबी नको असेल तर कोणतं तेल? सूर्यफुलाच्या तेलात फुगतं छान, पण चव जरा सपक लागते. फोटो असतील तर तेही टाका.