वजनकाटा सकाळी एक सांगतो, रात्री दुसरंच. खरं काय धरायचं?

अंत्रुजवासी
काचेचा डिजिटल काटा आहे, चार पायांचा. सकाळी ७१.४, त्याच रात्री ७३.१. न्हाणीबाहेरच्या जुन्या लादीवर ठेवला तर हॉलमधल्या टाइलपेक्षा ८०० ग्रॅम कमी, आणि पायपुसण्यावर ठेवला तर तब्बल दोन किलो कमी. तीन दिवस भात, पेज, पाव बंद ठेवल्यावर दीड किलो उतरलं. चौथ्या दिवशी शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) आणि खारा बांगडा जेवल्यावर बहुतेक सगळं परत आलं. वय ४३, उंची १५६ सेंमी. वजन रोज करावं की आठवड्याला? आणि काटा चरबीची टक्केवारीही दाखवतो, ती धरायची का?

तागडी
आधी काटा बघू, ताई. आहाराचं जाणकार सांगतील.

या काट्याच्या प्रत्येक पायात एक लोड सेल, म्हणजे भार मोजणारा भाग, असतो. भार पडला की धातूची पट्टी केसभर वाकते, आणि चारही पायांची बेरीज पडद्यावर येते. पायपुसण्यावर पाय रुततात, काट्याचं पोट खाली टेकतं आणि थोडा भार पायांतून न जाता पोटातून जमिनीवर उतरतो. तुमचे दोन किलो तिथे गेले. जुन्या लादीला उंचसखलपणा असेल तर एखादा पाय अधांतरी राहतो. चारही कोपरे बोटाने दाबून बघा. काटा डुगडुगला तर ती जागा बाद. हॉलमधली टाइल सपाट असेल तर काटा कायम तिथेच ठेवा.

हलवल्यावर लगेच उभं राहू नका. बहुतेक काट्यांना आधी पायाने टिचकी मारून जागं करावं लागतं. ०.० दिसून पडदा बंद झाला की मग चढा. पावलं दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, अंग ताठ, नजर समोर. खाली वाकून आकडा वाचायला गेलात तर तो हलत राहतो.

खरेपणा तपासायचा तर आधी एकटं उभं राहा, मग सीलबंद ५ किलो तांदळाची पिशवी धरून. फरक ५ च्या आसपास हवा. नुसती पिशवी ठेवू नका, कमी भाराला काही काटे जागेच होत नाहीत. आणखी एक खोड: लागोपाठ दोनदा चढल्यावर आकडा दशांशापर्यंत तोच आला तर काटा अचूक आहे असं समजू नका. काही काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला की तोच पुन्हा दाखवतात. मध्ये पिशवी धरून चढलात तर ही लबाडी उघडी पडते.

उकडेतांदूळ
सकाळ-रात्रीच्या १.७ किलोत चरबी शोधू नका. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. एका दिवसात १.७ किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा तेरा हजार जास्त खावं लागेल. रात्रीच्या आकड्यात दिवसभराचं पाणी, जेवण, अंगावरचे कपडे आणि पोटात साठलेलं सगळं असतं. एक लिटर पाणी प्यायलात की काटा एक किलो जास्तच दाखवणार.

भात-पाव बंद केल्यावरचे दीड किलो हेही मुख्यतः पाणीच. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या (पिष्टापासून बनलेल्या साखरेच्या साठ्याच्या) दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पिष्ट तोडलं की साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे जातं. भात सुरू केला की दोन्ही परत. वर खारा बांगडा! जून-जुलैत मासेमारी बंदी असते तेव्हा खारं-सुकं आणि चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) ताटात वाढतात, आणि त्यांतल्या मिठाबरोबर शरीर दोन-तीन दिवस पाणी धरून ठेवतं. त्याला लठ्ठपणा म्हणत नाहीत. रक्तदाब असेल तर मात्र मिठाचा हिशेब वेगळा आणि महत्त्वाचा: जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तोही खाऱ्या माशातलं धरून.

चरबीची टक्केवारी सोडून द्या. काटा पायांतून क्षीण वीज सोडून अंदाज बांधतो. ओले पाय, तहानलेलं अंग, नुकताच केलेला व्यायाम, सगळ्यांनी तो बदलतो. आणि घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांनी असल्या काट्यावर चढूच नये.

चौगुला
माझं मत, आठवड्यातून एकदाच. रोज बघून माणसं खचतात, मग जेवण सोडतात आणि संध्याकाळी भजी खातात.

उकडेतांदूळ
बाब, आठवड्यातला तो एकच दिवस खाऱ्या बांगड्याच्या दुसऱ्या दिवशी आला तर? चार आठवड्यांत चार आकडे, त्यांतले दोन फसवे. रोज लिहा, निर्णय रोज घेऊ नका. उठल्यावर, शौचाला जाऊन, काही पिण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत. उदाहरणार्थ ७१.४, ७१.९, ७१.२, ७२.३, ७१.६, ७१.१, ७१.५: बेरीज ५०१, सरासरी ७१.६. पुढच्या आठवड्याची सरासरी ७१.२ आली तर ४०० ग्रॅम उतरले, मधल्या एखाद्या दिवशी ७२ दिसलं तरी. आठवड्याला अर्धा किलो चांगला वेग. आणि हो, ज्यांना आकडा पाहून उपाशी राहायची सवय आहे त्यांच्यासाठी चौगुलांचं बरोबर. त्यांनी काटा माळ्यावरच टाकावा.

टेप घ्या आणि कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. आशियाई स्त्रियांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेषा. महिन्यातून दोनदा पुरे.

अंत्रुजवासी
सरासरी लिहायला घेते. पाळीच्या आधी मात्र दरवेळी किलोभर चढतं. आणि सकाळी चढाचा रस्ता चालायला सुरुवात केल्यापासून आठ दिवस काटा उलट वर गेलाय.

उकडेतांदूळ
दोन्हीकडे पाणीच. पाळीआधीचा आठवडा मागच्या महिन्याच्या पाळीआधीच्या आठवड्याशी ताडून बघा, त्याच महिन्यातल्या दुसऱ्याशी नको. नव्या व्यायामाने स्नायू दुखतात, तिथे पाणी धरलं जातं. दोन-तीन आठवडे तरी आहार बदलू नका. मात्र दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं आणि सोबत पाय सुजले, धाप लागली तर सरासरीची वाट न बघता डॉक्टर गाठा.

तागडी
एक राहिलं. काटा न्हाणीत ठेवू नका, विशेषतः आता पावसात. वाफ काचेखाली शिरते, बॅटरीच्या सेलला टेकणाऱ्या पट्ट्या गंजतात आणि आकडा स्थिरच होत नाही. पडद्यावर 'एल ओ' दिसलं म्हणजे बॅटरीचा सेल संपत आला, बदला. पट्टीवर हिरवट थर दिसला तर सेल काढून कोरड्या कापडाने घासा, गरज पडली तर बारीक पॉलिश पेपरने. काटा पुसताना पाणी ओतू नका, ओलसर फडकं पुरे.